चाळिसाव्याचा मेंढा

गावप्रमुख गांदेगाच्या घरी लग्न निघालं, तेव्हा बोकड कापायला युगूनं साफ नकार दिला.

"आजा गुलाम होता तुमचा, मी नाही. तुमचे बोकड तुम्हीच कापा!"

गांदेगाच्या पोरांनी त्याला चौकातल्या बाओबाबच्या झाडाला बांधलं आणि जीव जाईपर्यंत काठ्यांनी बडवलं. त्याचा बाप सिरे याला दोघांनी जमिनीवर दाबून धरलं होतं. तोंडात माती, कानात लेकाची हाडं मोडल्याचा आवाज.

युगू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, चाळिसाव्याच्या जेवणासाठी गांदेगा स्वतः मेंढा घेऊन सिरेच्या अंगणात आला.

"झालं गेलं विसर, सिरे. पोरं तापट आहेत माझी. घे, युगूच्या नावानं काप हा, गावाला जेवू घालू."

त्यानं सुरी सिरेच्या हातात दिली. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललेलं. गुलामाच्या वंशजानं कापायचं, मालकानं सावलीत बसायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की आज आपण कुणाच्या हातात काय देतोय, हे त्या माजोरड्याच्या ध्यानातच आलं नाही. तो चटईवर ऐसपैस टेकला.

"आटप लवकर. उन्हं चढली."

सिरेनं अंगठ्यानं धार पाहिली.

"धार चांगली आहे, मालक," तो म्हणाला, आणि मेंढ्याला ओलांडून चटईकडे गेला.