मौलवीसाबांचा निरोप

आमच्या घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. यात मिरवण्यासारखं काही नाही. उलट सगळं त्यामुळेच झालं.

अठ्ठ्याऐंशी साल, जूनचा दुसरा आठवडा. भिवंडीत आमचा मोहल्ला खाडीच्या बाजूला, सखल भागात. घर मात्र जोत्यावर, गल्लीपासून पाच पायऱ्या वर. घरात माणसं चार: मी खुर्शीद, माझा नवरा गुलाम हुसेन, आमचा मुलगा खलील आणि माझी धाकटी जाऊ हमिदा. हमिदाचा नवरा, म्हणजे माझा दीर नूर मोहम्मद, मार्च संपता संपता गेला. आमच्या कापडाच्या कारखान्यात लूमपाशी उभ्या उभ्या छातीत कळ आली, पाणी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून हमिदा इद्दतीत होती. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मला माझ्या सासूने तर याच्याही पुढचं शिकवलं होतं, की उंबरठ्याकडे बघायचंसुद्धा नाही. हमिदाची इद्दत नीट पार पाडायची जबाबदारी माझी, असं मीच ठरवून टाकलं होतं. मला कोणी नेमलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सरकारी जीप भोंगा लावून मोहल्ल्यात फिरली. समुद्रात मोठं वादळ उठलंय, दुपारनंतर जोर धरेल, त्यात उधाणाची भरती आहे, खाडीचं पाणी वस्तीत शिरेल, तरी सगळ्यांनी दुपारच्या आत टेकाडावरच्या उर्दू शाळेत जावं. आधी हिंदीत सांगितलं, मग मराठीत. रेडिओवर पण तेच चाललेलं.

"दरवर्षी बोंबलतात," गुलाम हुसेन म्हणाला आणि चहा पीत बसला. हा माणूस असाच. घराला आग लागली तरी आधी चहा संपवेल.

पण तेवढ्यात राहीबाई आली. खाडीपलीकडच्या गावातून ती रोज आमच्याकडे मासे घेऊन यायची. आज पाटी नव्हती, नुसतीच आली होती, पदर खोचून, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"बाय, आज मासं न्हाय आनलं. आमचा गाव समदा वर गेला. भरतीला टाईम हाय अजून, तरी पानी चढतंय. मी येवढी म्हातारी झाली, असं कवा बगितलं न्हाय. तुमाला सांगायला आली. निघा तुमी बी."

जीपवाल्यांना हसणारा माझा नवरा राहीबाईला हसला नाही. कप तसाच ठेवला आणि उठला. कारखान्यात सुताची पोती जमिनीवर होती, ती माळ्यावर चढवायला हवी होती. जाता जाता मला म्हणाला, "मी तिकडूनच शाळेत येतो. हमिदाचं काय करायचं ते तू बघ. तो बायकांचा मामला आहे."

हमिदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "भाभी, मी कशी येऊ? शाळेत शंभर पुरुष असतील. पण इथे एकटी राहायची मला भीती वाटते."

मी काही बोलायच्या आत खलील म्हणाला, "त्यात काय एवढं, चाची? मौलवीसाबांना विचारून येतो. सायकलवर दहा मिनिटं." आणि निघालासुद्धा.

त्याला जाऊ द्यायचं नव्हतं मला. का, ते सांगते. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे?

हमिदाच्या इद्दतीचा तिसरा आठवडा होता तेव्हा महापोलीहून निरोप आला की तिची आई आजारी आहे, लेकीची आठवण काढते. महापोली म्हणजे काय लांब? गणेशपुरीच्या एसटीत बसलं की अर्ध्या-पाऊण तासात उतरायचं. हमिदा माझ्या पाया पडायचीच बाकी होती. म्हणाली, "भाभी, मौलवीसाबांना विचारा ना, दिवसा जाऊन दिवसा परत येईन." मी म्हटलं, विचारते. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "विचारलं. नाही म्हणाले. इद्दत म्हणजे इद्दत."

मी विचारलंच नव्हतं. रमजानचे पहिले रोजे होते. रोज इफ्तारीला पंधरा माणसं, वर मातमपुरशीला, सांत्वनाला येणारे पाहुणे निराळे, आणि हमिदा गेली असती तर ते सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं असतं. एवढंच कारण. मनाशी म्हणत होते, विचारलं असतं तरी मौलवीसाब नाहीच म्हणाले असते. अकराव्या रोज्याला तिची आई वारली. हमिदाने मयताचं तोंड पाहिलं नाही. आमच्या मागच्या खोलीत बसून रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मीच.

खलील परत आला तेव्हा वारा सुटला होता. मी त्याला खाली पायऱ्यांवरच गाठलं.

"मौलवीसाब म्हणाले, जिवाला धोका असेल तर निघायलाच पाहिजे. चाचीला म्हणावं, बिनघोर ये, उलट मागे राहिली तर गुन्हा होईल." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आणखी एक म्हणाले, अम्मी. म्हणाले, गरज असेल तर दिवसा बाहेर पडायला पहिल्यापासून हरकत नव्हती, मग ती आईला बघायला का नाही गेली? माझ्याकडे तर कोणी विचारायलाच आलं नाही, असं म्हणाले. मला काही समजलं नाही. तू विचारलं होतंस ना?"

"म्हातारे झालेत, विसरले असतील," मी म्हटलं. "तू अब्बांकडे जा, पोती चढवायला हात लागतील. मी चाचीला घेऊन शाळेत येते."

मुलगा भोळा. गेला.

मी आत आले. हमिदा चटईवर बसली होती, काळा बुरखा मांडीवर, शेजारी कपड्यांचं छोटं गाठोडं बांधून तयार. "हो म्हणाले तर उशीर नको म्हणून बांधून ठेवलं," ती म्हणाली. "काय म्हणाले?"

'चल' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण चल म्हटलं असतं तर शाळेत मौलवीसाब भेटणार, त्यांची बीबी भेटणार, आईचा विषय निघणार. चार बायकांत माझं तोंड काळं होणार. मी पन्नाशीची बाई, मोहल्ल्यात माझा शब्द चालतो, लोक आपल्या लेकीसुनांना माझा दाखला देतात.

"भेटले नाहीत," मी म्हटलं. "बाहेर गेलेत. माणसं हलवायला."

हमिदाने गाठोड्याची गाठ सोडली आणि एकेका कपड्याची परत घडी घालायला लागली. "मग मी राहते, भाभी. तुम्ही जा. माझ्यामुळे तुमचा जीव कशाला?"

"गप बैस. मी कुठे जातेय तुला टाकून."

ती माझा हात हातात घेऊन रडायला लागली. म्हणाली, अम्मीनंतर मला तुम्हीच. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. पण तोंड उघडलं नाही. मला वाटत होतं, वादळ दुसरीकडे वळेल. दरवर्षी वळतं. मग कोणाला काही सांगायची पाळीच येणार नाही. तिचा जीव पणाला लावून मी माझी अब्रू झाकत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणाले तर ते आणखी एक खोटं होईल.

दोन वाजता समोरच्या घराचे पत्रे उडाले. गल्लीत कोणी उरलं नव्हतं. तीन वाजता पाणी आलं. धो धो नाही, गटारातून वर चढत, आवाज न करता, काळं आणि तेलकट. मी दार किलकिलं करून बघत होते. पहिली पायरी गेली. मी दार लावलं. परत उघडलं तेव्हा दुसरी गेली होती. वारा असा की दार परत लावायला दोघींना लागावं लागलं. हमिदा कुराण छातीशी धरून भिंतीला टेकून बसली.

तिसऱ्या पायरीला पाणी लागलं तेव्हा ती म्हणाली, "भाभी, एक सांगू? हे माझ्याच गुन्ह्यामुळे होतंय."

"काय बडबडतेस?"

"अम्मीच्या वेळी मौलवीसाबांनी नाही सांगितलं ना, तेव्हा मी त्यांना मनात फार शिव्या दिल्या. रमजानच्या महिन्यात. म्हटलं, तुमची आई मरेल तेव्हा तुम्हाला कळेल. एवढा नेक माणूस, आणि मी त्याला बददुआ दिली. त्याचीच सजा आहे ही. तुम्ही उगीच माझ्याबरोबर अडकलात."

झालं. माझ्यात काय तुटलं ते तुटलं. ज्या माणसाला मी विचारलंच नाही त्याला ही बिचारी शिव्या देत होती, आणि दोन महिने त्या शिव्यांसाठी अल्लाकडे माफी मागत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "बुरखा घाल. मौलवीसाबांनी सांगितलंय निघायला. जिवाला धोका असेल तर निघायलाच पाहिजे म्हणाले."

"कधी सांगितलं?"

"सकाळीच. खलील निरोप घेऊन आला होता."

तिने बुरखा घातला, कुराण फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं. दारातून उतरताना माझा हात धरला, कारण मला पोहता येत नाही आणि उजव्या डोळ्याला मोतीबिंदू होता. ती खेड्यातली पोर, लहानपणापासून पोहणारी.

गल्लीत पुढे उतार होता, तिथे पाणी कमरेला लागत होतं. भिंत धरून चाललो. गटारांवरच्या फरश्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते ती पायाने चाचपायची, मग मला ओढायची. कोपऱ्यावरच्या नळापाशी जरा उंचवटा आहे, तिथे दम खायला थांबलो. तिथे तिने तोंडावरचा पडदा वर केला आणि विचारलं, "आणि अम्मीच्या वेळी?"

वारा एवढा होता की ऐकलं नाही असं दाखवता आलं असतं. मी तसं दाखवलंही. तिने माझ्या कानाशी तोंड आणून परत विचारलं, "अम्मीच्या वेळी काय म्हणाले होते, भाभी?"

"मी विचारलंच नाही," मी म्हटलं. "तू गेली असतीस तर घरचं सगळं माझ्यावर पडलं असतं, म्हणून. चुकले मी, हमिदा."

तिने पडदा खाली घेतला. मला वाटलं, आता हात सोडेल. तिथे सोडला असता तर मी वाहून गेले असते, आणि माझी काही तक्रार नव्हती. पण तिने हात आणखी घट्ट धरला. पुढचा सगळा चढ तिने मला तसंच ओढत नेलं. शाळेच्या पहिल्या कोरड्या पायरीवर माझे दोन्ही पाय टेकले, तेव्हा तिने हात सोडला.

आत बायकांच्या वर्गात ती पलीकडच्या भिंतीला जाऊन बसली. कोणीतरी मला कोरडी चादर दिली. दुसरी एक म्हणाली, "खुर्शीदआपा, कमाल आहे तुमची. जावेसाठी मागे थांबलात." सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. हमिदा ऐकत होती. तिने त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सहाच्या सुमारास वारा पडला. वादळ वर गुजरातकडे सरकलं म्हणे. दिवसभर कारखान्यातच अडकलेले खलील आणि त्याचे अब्बा थोड्या वेळाने घर बघून आले. खलील दारातूनच म्हणाला, "अम्मी, घराला काही झालं नाही. पाणी तिसऱ्या पायरीवरूनच परत फिरलं. उंबरठासुद्धा ओला नाही."

माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? की आणखी एक तास गप्प बसले असते, तर हिला कधीच कळलं नसतं. अल्लाचे आभार नाही, हमिदा वाचली याचा आनंद नाही, पहिलं हे आलं. त्या खोट्यापेक्षा मला या विचाराची जास्त लाज वाटते. आजही वाटते.

हमिदा उठून दारापाशी आली. माझ्या समोरून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"खलील," ती म्हणाली, "मौलवीसाब पलीकडच्या वर्गात आहेत. त्यांना विचार, माझी इद्दत अजून बाकी आहे, तर आता मी त्या घरी परत जाऊ, की भावाकडे जाऊन पुरी केली तर चालेल. आणि काय म्हणतील ते येऊन मला सांग. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस."

खलीलने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात कोणी कुठे जायचं झालं तर आधी माझ्याकडे बघायची सगळ्यांना सवय. मी चादरीत तोंड घातलं. तो विचारायला गेला.