पानावरचा शब्द

बिबियानानं दोरीचा फास पुढे केला, तेव्हा डुकरानं आपण होऊन पाय उचलला. रोज सकाळी ती त्याच्या खुरांतली माती काढायची. त्याला वाटलं असावं, तेच चाललंय. तिनं फास आवळून गाठ मारली आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

“मावशी, अजून विचार कर,” सिरिल म्हणाला. हा तिच्या बहिणीचा मुलगा, गावच्या शाळेत मास्तर. दुसऱ्यांना विचार करायला लावणं हा त्याचा धंदाच. “सभापती गेला, तर लिनसमामाच्या कार्याला काय उभं करणार आहेस?”

सभापती हे डुकराचं नाव गावानं ठेवलेलं. खायचं, लोळायचं, हाक मारली की एक डोळा उघडायचा आणि उत्तर म्हणून द्यायचं नाही. सार्वमताच्या वर्षी आणलं तेव्हा ते तिच्या कुशीत मावत होतं. त्या वर्षी अख्ख्या बूगनव्हिल बेटानं पेटीत कागद टाकला होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी स्वतंत्र व्हायचं म्हटलं, आणि उरलेले दोघे कोण यावरून गावोगाव भांडणं झाली. मग कुणीतरी आठवण करून दिली, की लढाई मिटवताना झालेल्या तहाच्या कागदाप्रमाणे शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा आहे, समुद्रापलीकडच्या राजधानीत, मोरेस्बीत. तसं ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण नाचताना कोण कागद वाचतो! तेव्हापासून इकडचे पुढारी आणि तिकडचे पुढारी भेटत होते, फोटो काढून घेत होते, आणि सभापतीचे सुळे ओठांबाहेर वळत चालले होते.

लिनस बिबियानाचा धाकटा भाऊ. लढाईच्या दिवसांत मोरेस्बीच्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, तीत तापानं गेला. औषध पलीकडच्या किनाऱ्यावर आणि मध्ये गस्तीच्या बोटी. त्याला मातीआड करताना ती बोलून गेली होती, की आपलं निशाण चढेल त्या दिवशी तुझं सुतक फेडीन. तोवर अंगावर काळं, आणि डुकराचं मांस वर्ज्य. बरोबरीच्या बायकांनी आपापली सुतकं कधीच फेडून टाकली, नातवंडं खेळवली. ही अजून काळ्यातच होती.

“त्याच्या कार्यासाठीच देतेय हे,” ती म्हणाली. “मोरेस्बीहून येणारे ते लोक हे खाऊन शब्दात बांधले गेले, तर निशाण लागेल. निशाण लागलं, तर डुक्कर कुठूनही उभं करीन.”

“अगं, ते खासदार आहेत. रोज हॉटेलात जेवतात. जेवले म्हणून कुणी बांधला जात नाही.”

“हॉटेलात मांसावर शब्द ठेवत नाहीत. इथं दामियानमामा ठेवणार. शब्द ऐकून मांस तोंडात घातलं, की शब्द पोटात गेला. मग फेडल्याशिवाय सुटका नाही. आणि हे काय आपल्याच बेटावर आहे? तिकडं त्यांच्या डोंगरात तर डुकरावाचून सोयरीक होत नाही की तंटा मिटत नाही.”

“आणि मानायचंच नसेल तर?”

“मग खाणार नाहीत. तेवढी लाज प्रत्येकाला असते, मास्तर.”

सिरिलनं मान हलवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

समितीच्या गाड्या आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. लोकांची इच्छा समजून घ्यायला संसदेनं ही समिती धाडली होती. इच्छा समजून घ्यायला आलेली ही कितवी माणसं, हे गावात कुणी मोजत नव्हतं. अध्यक्ष होते गोरोबे नावाचे किनाऱ्याकडचे गृहस्थ, घामानं डबडबलेले आणि हसतमुख. ते उभे राहिले. तुमचा आवाज आम्ही ऐकला आहे, म्हणाले. तुमच्या दुःखापुढे नतमस्तक आहोत. मात्र देश मोठा आहे, घाईनं काही करता येत नाही, आणि सार्वमत हा सल्ला आहे. त्याचं काय करायचं ते संसदच ठरवेल.

दामियानमामा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते कुळाचे प्रमुख, बिबियानाच्या आईचे भाऊ. दात गेले होते, जीभ शाबूत होती.

“साहेब,” ते म्हणाले, “सल्ला होय? पोरगी मांडवात उभी राहून सगळ्यांदेखत हो म्हणाली. आता तुम्ही म्हणता, शेजाऱ्याला विचारून सांगतो!”

गाव खो खो हसलं. गोरोबेही हसले, सगळ्यांत जास्त.

“शेजारी नाही हो आजोबा, आम्ही बापाच्या जागी.”

“मग तर पंचाईत आहे. आमच्यात जमीन आईकडून येते. बापाला विचारायची पद्धत नाही.”

पुन्हा हशा झाला. बिबियाना हसली नाही. तिचं लक्ष दगडांच्या भट्टीकडे होतं. बायका वरची पानं उचलत होत्या आणि वाफेबरोबर सभापतीचा वास अंगणभर पसरत होता.

मामांनी खूण केली, तसे सगळे गप्प झाले. मांसाची चवड पाहुण्यांपुढे आली. मामांनी तिच्यावर काठी आडवी धरली.

“हे माझ्या भाचीनं वाढवलंय. हिचा भाऊ आमच्या लढाईत गेला आणि हिचं सुतक अजून फिटलेलं नाही. आम्ही पेटीत जो शब्द टाकला, तोच आता या मांसावर ठेवलाय. जो खाईल त्यानं तो शब्द आपल्या सभेत हो म्हणून उचलायचा. ज्याला उचलायचा नसेल त्यानं खाऊ नये. आमचा राग नाही.”

दुभाष्यानं सगळं नीट सांगितलं. गोरोबे गंभीर चेहऱ्यानं दोनदा मान डोलावून बसले, आणि पान मांडीवर आल्याबरोबर चरबीचा मोठा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. त्यांच्या शेजारचे दोघेही तुटून पडले. गावातून एक दबका हुंकार उठला. म्हाताऱ्या आबोलानं तर डोळे पुसले.

बिबियाना खाणाऱ्यांकडे पाहत होती. कोण कसा खातो यावरून माणूस ओळखायचा, हे तिचं शास्त्र. त्यावर तिनं भाचींच्या दोन सोयरिकी जमवल्या होत्या आणि एक मोडली होती. शब्द तोलणारा माणूस पहिला घास जरा हातात धरतो; या तिघांपैकी एकानंही धरला नव्हता. डुक्कर खाताहेत, एवढंच दिसत होतं. पण खाल्लं ते खाल्लं, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग तिला चौथा दिसला. वाईम नावाचा, डोंगराकडचा, रुंद खांद्यांचा माणूस. फणसाच्या झाडाआड, बाकड्याच्या टोकाला बसला होता. पान मांडीवर तसंच होतं. दोन्ही हात पानाच्या बाजूंना, जणू ते वाऱ्यानं उडेल.

ती हळूच जाऊन त्याच्याशेजारी टेकली.

“कच्चं राहिलंय का, बाबा?”

“नाही, आई. फार चांगलं शिजलंय.” तो खालीच बघत होता. “माझं पोट बरं नाही.”

“केव्हापासून?”

“तुमच्या मामांनी शब्द ठेवला तेव्हापासून.”

पलीकडे गोरोबे दुसऱ्यांदा मागत होते आणि वाढणाऱ्या बायकांची चेष्टा करत होते.

“त्यांची पोटं बरी आहेत,” बिबियाना म्हणाली.

“ते भुकेले होते, आई.”

तिनं अंगावरच्या काळ्या कापडाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

“म्हणजे ते उचलणार नाहीत?”

“कुणीच नाही. तिकडून निघण्याआधीच ठरलंय.” त्यानं पानाची कड सारखी केली. “तुम्हाला जाऊ दिलं, तर उद्या सगळे प्रांत तेच मागतील, असं म्हणतात. मीही म्हणालो. माझ्या बापानं एका डुकराचा शब्द फेडायला अकरा वर्षं घालवली. मला हे खाता येत नाही. माफ करा.”

“माफ कशाला? खरं बोललास.”

त्याच वेळी मामांनी काठी आपटली. म्हाताऱ्याचा आवाज आनंदानं चिरकत होता.

“पाहुण्यांनी खाल्लं का? सगळ्यांनी?”

नगाऱ्यांपाशी पोरं दांडकी घेऊन उभीच होती. गाव बाकड्यांकडे पाहू लागलं. झाडाआडचं टोक तिथून दिसत नव्हतं. वाईम उठायला लागला. बिबियानानं त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मांडीवरचं पान उचललं, चारी कडा दुमडल्या आणि ते आपल्या विणलेल्या पिशवीत सरकवलं.

मग ती उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

“खाल्लं, मामा,” ती म्हणाली. “सगळ्यांनी खाल्लं.”

नगारे सुरू झाले. आबोलाला नाचताना बिबियानानं किती वर्षांनी पाहिलं. गर्दीतून सिरिल वाट काढत आला, मास्तरपण विसरलेला, गालांवरून पाणी वाहतंय. त्यानं मावशीला गच्च मिठी मारली. दोघांच्या मध्ये पिशवी दबली; आतलं मांस अजून कढत होतं.

“तुझंच खरं झालं, मावशी! मी मूर्ख!” तो म्हणाला. मग बाजूला होऊन त्यानं हात पुढे केला. “जड दिसतेय. दे इकडं, मी धरतो.”

“नको रे,” बिबियाना म्हणाली. “तू जा, नाच. माझी मी नेईन.”