उमेदवार क्रमांक अकरा

सकाळी सातच्या बातम्या एकतीस वर्षं एकाच गळ्यातून आल्या, म्हणून त्या गळ्याच्या मालकाला सगळे 'सातवाले' म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच ते सुखी होतं. माणूस नाकासमोर चालणारा.

निवृत्तीला तीन महिने उरले, तेव्हा त्यांच्या जागी नवा माणूस घ्यायचं ठरलं. रेडिओ केंद्रात आवाजाची चाचणी जुन्याच रीतीने होई. उमेदवार स्टुडिओत, परीक्षक शेजारच्या बंद खोलीत, मध्ये फक्त स्पीकर. नाव नाही, चेहरा नाही, नुसता क्रमांक. वशिल्याला शिरायला फटच ठेवली नव्हती. परीक्षक तिघं: संचालकबाई, इंजिनिअर आणि सातवाले.

दहा जणांनी हवामानाचा तोच कागद वाचला. एकीने तर असा गळा काढला की वादळाचीच कीव यावी. मग अकरावा क्रमांक पुकारला गेला. पहिल्या शब्दाआधी नाकातून घेतलेला छोटासा श्वास ऐकू आला आणि सातवाल्यांनी पेन खाली ठेवलं. तो श्वास त्यांचा होता. 'आणि'च्या आधीचं थांबणं त्यांचं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवणंही त्यांचंच. हे सगळं रोज ऐकत वाढलेली एकच व्यक्ती होती, त्यांची मुलगी. तिने अर्ज केल्याचं मायलेकींनी घरात या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

"हे तर तुमचंच रेकॉर्डिंग लावल्यासारखं वाटतंय," इंजिनिअर खुशीत म्हणाला.

"घेऊन टाकू," संचालकबाई म्हणाल्या.

तोंड मिटून बसलं असतं तर पोरगी मार्गी लागली असती. दोन वर्षं ती नोकरीसाठी चपला झिजवत होती. तिला ही जागा मिळावी असं सातवाल्यांनाही मनापासून वाटत होतं. तरी ते म्हणाले, "ती माझी मुलगी आहे. माझे गुण धरू नका."

"बरं, नाही धरत. पण मुलगी नसती तर किती दिले असते?" संचालकबाईंनी विचारलं.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटी बातमी वाचली नव्हती. "नापास केलं असतं," ते म्हणाले. "तिचा स्वतःचा आवाज कुठे ऐकू आलाच नाही."

जागा एकोणीस क्रमांकाला गेली.

"जगातले बाप पोरांसाठी दारं ठोठावतात," बायको म्हणाली, "तुम्ही उघडं दार लावून आलात." मुलीने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना सातवाले तिला नक्कल म्हणजे काय ते समजावू लागले. तिने हातातला शर्ट भिरकावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. आवाज भरदार, वेगवान, कडेला किंचित घोगरा. तीन घरं पलीकडे जाईल असा, तरी शब्दन्‌शब्द स्वच्छ. सातवाले रागवायचं विसरले आणि कान देऊन ऐकत राहिले.

"हा आवाज," ते म्हणाले, "हा का नाही नेलास तिथे?"

ती थांबली. शर्ट उचलून तिने पुन्हा घडी घातली.

"या आवाजात बोलले की तुम्ही म्हणायचात, हळू, मी वाचनाचा सराव करतोय. चोवीस वर्षं, बाबा. या घरात चालणारा आवाज एकच होता. तोच घेऊन गेले."

हे ती हळू म्हणाली, त्यांच्याच आवाजात.