शेजारच्याने सांगायचं

बाईंनी घोट्यावरच्या पट्टीचा शेवटचा वेढा सोडला आणि पाऊल हळूच जमिनीवर टेकवून पाहिलं. कळ आली नाही. खिडकीपर्यंत जाऊन त्या परत आल्या. जिन्यावरून घसरल्यापासून त्या घरातच पडून होत्या. उद्या शाळेत जाता येणार होतं. चपला पुसून दाराशी ठेवल्याही होत्या.

एवढ्या दिवसांत कोणी फिरकलं नव्हतं. मुख्याध्यापिकांचा फोन आला, तोही कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारायला. पोरं आपली आठवण काढतात का, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जीभ रेटली नाही.

दार वाजलं. बाहेर त्यांच्या वर्गातली घुमी उभी होती. मोजकंच बोलायची, म्हणून पोरांनी तिचं हे नाव पाडलं होतं.

"काय गं, तू कशी इकडे?"

"सांगायला आले."

बाईंच्या वर्गाची एक रीत होती. कोणी गैरहजर राहिलं, तर बाकावरच्या सोबत्याने संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन वर्गात काय झालं ते सांगायचं. नुसता धडा नाही. कोण हसलं, कोण रुसलं, तेही. मग परत आलेलं पोर परक्यासारखं दारात घुटमळत नसे. बाईंना या रितीचा मनातून अभिमान होता.

घुमी खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सांगू लागली. बाईंच्या जागी खेळाचे सर येत होते. अपूर्णांक शिकवायला त्यांनी उड्या मारायची दोरी कापली. आधी अर्धी, मग पाव, मग त्याचीही अर्धी. अपूर्णांक सगळ्यांना कळले, पण मधल्या सुट्टीत उड्या मारायला दोरीच उरली नाही. सर स्वतःच डोक्याला हात लावून बसले.

बाई खळखळून हसल्या. त्या घरात त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. तुमच्या टेबलाशी दुसरं कुणी बसत नाही. मग तुम्हाला कोण सांगणार?" ती म्हणाली, "माझ्या बाकावर पण कुणी नाही."

बाईंचं हसू ओसरलं. शेवटच्या बाकावर ही एकटीच बसायची. मध्यंतरी तापाने बरेच दिवस घरी होती.

"तू आजारी होतीस तेव्हा कोण यायचं गं?"

घुमी फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"मी दारातच बसायचे," ती म्हणाली. "कुणी आलं तर घर सापडावं म्हणून."

बाई उठल्या. तिच्यासाठी पाणी आणलं आणि ती पिऊन होईपर्यंत जवळच उभ्या राहिल्या.

निघताना घुमीची नजर दाराशी पुसून ठेवलेल्या चपलांवर गेली.

"उद्या येणार का बाई? मग मी नाही येत."

बाईंनी भिंतीला हात टेकला. एक पाय किंचित उचलून धरला.

"उद्या कुठलं जमतंय? परवा बघू. तू मात्र उद्या जरा लवकर ये. सगळं सांगायला वेळ लागतो."

घुमी जिना उड्या मारत उतरली. पावलांचा आवाज पुरता विरल्यावर बाईंनी चपला उचलल्या आणि आत नेऊन पलंगाखाली सरकवल्या.