हौशाचं शिंग

बन्सीच्या गर्वाचा हिशेब सोपा होता. जमेला हौशा बैलाची दोन शिंगं. बाकीचं आयुष्य, बायको बनुबाई धरून, किरकोळीत. पोळ्याला गावच्या वेशीतून मानाचा बैल म्हणून पहिला हौशाच जायचा, आणि त्या दिवशी बन्सीची मान बैलापेक्षा ताठ असायची.

यंदा श्रावण लागला आणि हौशा डोकं एका अंगाला कलवून उभा राहू लागला. नाकपुडीतून रक्ताळ पाणी, डावं शिंग बुडाशी हललेलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निकिता यांनी चाचपून सांगितलं, "काका, शिंगाचा कॅन्सर आहे. बुडातून काढावं लागेल. नाहीतर बैल हातचा जाईल."

बन्सी हौशाच्या आडवा उभा राहिला. लहानपणी त्यानं एक शिंग कापताना पाहिलं होतं. सात-आठ गडी बैलाच्या अंगावर, आणि हंबरडा शिवारभर. "ताई, ह्याला मी कधी आसूड लावला न्हाई. मरू द्या, पन तसलं न्हाई."

"मग मरू द्या," बनुबाई म्हणाली. "शिंग ठिवा देव्हाऱ्यात. अवं, बैलाला शिंग हाय का शिंगाला बैल?"

निकितानं लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची बाटली दाखवली. "काका, नसेला बारीक बारीक दारं असतात. त्यांतून मिठातलं सोडियम आत शिरलं की दुखण्याची खबर डोक्याकडं पळते. हे औषध ती दारं अडवतं. कॅनॉलच्या चारीचं दार खाली पाडल्यावर शेवटच्या रानात पाणी येतं का?"

"उघडं असलं तरी येत न्हाई," बन्सी म्हणाला. त्याचं रान मुळा कॅनॉलच्या शेपटाला होतं. पण गोष्ट पटली. "आन् दार परत उघडतंय?"

"उघडतं की. तोवर आपलं काम होतं."

हौशाला दवाखान्याच्या लोखंडी खोड्यात उभं केलं. डोळ्यामागं सुई गेली तशी त्यानं मान झटकली आणि निकिताकडं रोखून पाहिलं. थोड्या वेळानं औषध चढलं, त्याची पापणी लोंबली. शिंगाच्या बुडाशी टोचून पाहिलं, तर दखलच नाही. तारेची करवत चालू झाली. बन्सी कासरा धरून, डोळे मिटून हंबरड्याची वाट बघत राहिला. हंबरडा येईना. शेवटी त्यानं एक डोळा उघडला. हौशा निवांत रवंथ करत होता. रडत होता तो बन्सी.

बनुबाईनं रोज मलम लावून जखम भरत आणली. पोळ्याला उरल्या शिंगाला हिंगूळ लागला, बेगड चढली. वेशीपाशी दुसऱ्या नंबरच्या बैलाचा मालक पुंजाराम आडवा आला. "बन्सीभाऊ, औंदा मान आमाला द्या. एकशिंग्या बैल कुटं म्होरं आस्तोय व्हय?"

बन्सीनं झूल सारखी केली. "शिंग कापताना रवंथ करीत हुता ह्यो. तुमी नगरला दाढ काढली, तवा तुमाला धरायला दोघं लागली हुती. औषिद तेच हुतं बरं, मी डाक्टरला इचारलंय."

हशा उसळला. पुंजारामचा हात आपोआप गालावर गेला, आणि हौशा तोरणाखालून पहिला गेला. औषधाचं सगळं पुण्य बन्सीनं सरळ बैलाच्या खाती जमा केलं होतं. पण तोरण ओलांडल्यावर कासरा त्यानं रिवाजाप्रमाणं पाटलाच्या दारी न नेता आधी दवाखान्याकडं वळवला.

निकितानं धावत येऊन हौशाच्या कपाळावर हात ठेवला. हौशानं मान झटकन फिरवली. सुई तो विसरला नव्हता.

"वळखलं बरं का तुमाला," बन्सी छाती फुगवून म्हणाला. "लई हुशार हाय!"