दार तिने लावलं होतं

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, एके काळी माझा रंग पांढरा होता. आता त्याला पांढरा म्हणणं म्हणजे माझं मन राखणं. माझं पोट थंड असलं तरी डोकं मात्र दोन वर्षं तापलेलं आहे, आणि ते का तापलं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवून माझं अंग केलं, आत अस्तर बसवलं, आणि शेवटी दाराला चारी बाजूंनी मऊ रबर लावलं. ते लावणारी कामगार बाई फार नीटनेटकी होती. तिने बोट फिरवून चारी कोपरे तपासले. पुढे चौदा वर्षांत त्या रबराकडे तेवढ्या आस्थेने कुणी पाहिलं नाही.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आलो. घरात सासूबाई, त्यांचा लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा आणि काही वर्षांनी आलेली, कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी सून. पहिल्या उन्हाळ्यात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू. सासूबाई पाहुण्यांना पाणी देण्याआधी मला दाखवायच्या. पुढे सवय झाली आणि माझ्या डोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आली. त्याचं मला काही वाटलं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं, म्हणून दोघांनी उपचार सुरू केले. दवाखान्यातून इंजेक्शनं आली. ती थंड ठेवायची असत. सासूबाईंनी ती निळ्या झाकणाच्या डब्यात घालून माझ्या वरच्या फळीवर मागे ठेवली. कुणाला कळू नये म्हणून डब्याला घरात नाव पडलं ‘लिंबांचा डबा’. शेजारीण एकदा लिंबू मागायला आली आणि डबा दिसत असूनही रिकाम्या हाताने परत गेली. हे लोक किती चिकट, असं तिला आजही वाटतं.

रोज संध्याकाळी सातला सून माझं दार उघडायची, डबा काढायची, दार लावायची. तिचा लिफ्टवाला नवरा हात धुऊन यायचा. मोठमोठे नट पिळणारा तो माणूस, पण सुई धरली की त्याच्या कपाळावर घाम यायचा. ती मात्र हूं की चूं करत नसे.

पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला, सातव्या दिवशी सकाळी सासूबाई दूध काढायला आल्या, तर माझं दार बोटभर उघडं होतं. दूध नासलेलं आणि निळा डबा कोमट. ती इंजेक्शनं वापरू नका, असं दवाखान्याने सांगितलं. त्या महिन्याचे उपचार थांबले.

शेवटचं दार कुणी उघडलं होतं? सुनेने. झालं, सगळं खापर तिच्या डोक्यावर. नणंद आली होती. ती हसत म्हणाली, “एक दार नीट लावता येत नाही हिला, मूल काय सांभाळणार?”

सून ओट्यापाशी पातेलं पुसत होती. ते कोरडं झालं तरी ती पुसतच राहिली.

मित्रांनो, दार तिने नीट लावलं होतं. मी साक्षीला होतो. माझ्या वरच्या कोपऱ्यातलं रबर कडक पडलं होतं. दार लागायचं आणि कधीमधी तासाभराने आपोआप सुटायचं. दोष माझा होता आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून ती माझं दार तीनदा लावू लागली. एकदा ढकलायचं, मग ओढून पाहायचं, मग तळव्याने दाबायचं.

तिसऱ्या खेपेला दिवस राहिले. तुम्हाला वाटेल, आता आनंदीआनंद. कसला आनंद? दर तपासणीच्या आदल्या दिवशी तिचं ताट जसंच्या तसं माझ्याकडे परत यायचं. सातव्या महिन्यापर्यंत तिने बाळासाठी साधा मोजा घेतला नाही. बाळाचा सोनोग्राफीचा फोटो तिने माझ्या दाराच्या आतल्या बाजूला, अंड्यांच्या कप्प्यामागे लपवला. लिफ्टवाला म्हणाला, “बाहेर लाव की.” ती म्हणाली, “बाहेर लावला आणि काढावा लागला तर?”

मुलगी झाली, ठणठणीत. आणि मग माझ्या डोक्याचा पारा खरा चढला. जो येई तो म्हणे, “सुटलीस गं बाई, आता फक्त हसायचं.” बाळ झोपू देत नव्हतं, अंग दुखत होतं. ती भर दुपारी माझं दार उघडून उभी राहायची आणि माझ्या उजेडात रडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “दूध शोधतेय.”

एकदाच ती धीर करून म्हणाली, “आई, मी फार थकलेय हो.”

सासूबाई वाईट नव्हत्या. पण म्हणाल्या, “एवढं मागून घेतलेलं लेकरू आहे. थकले म्हणू नये गं.”

का म्हणू नये? ज्यांना सहज मूल होतं त्यांनी खुशाल कुरकुर करावी, आणि हिने सुया टोचून घेतल्या म्हणून जन्मभर आभार मानत बसावं? माझं यंत्रसुद्धा मधूनमधून थांबतं, दम खातं आणि पुन्हा सुरू होतं. मला कुणी कृतघ्न म्हणत नाही.

बाळाच्या लसीचा दिवस आला. सकाळी दहाला दोघं बाळाला घेऊन गेले. सुनेने रात्रीसाठी काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाच्या बाटल्या माझ्यात होत्या. दोन वाजता नणंद आली, स्वयंपाकघरात डोकावली आणि म्हणाली, “पुन्हा दार उघडं?” बाटल्या कोमट झाल्या होत्या. तेवढ्यात सून बाळाला घेऊन दारात आली, मागे लिफ्टवाला. तिचा चेहरा पडला. “माझीच चूक असेल,” ती सवयीने म्हणाली.

सासूबाईंनी बोटांवर तास मोजले. मग म्हणाल्या, “नाही. ती दहाला गेली. अकराला भाजी मी काढली. दार मी लावलं होतं, दाबून लावलं होतं.”

लिफ्टवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजच घरात आलो. त्याने वर्तमानपत्राची पट्टी फाडली, दारात धरली आणि ओढली. तीन कोपऱ्यांत ती अडकली. वरच्या कोपऱ्यात अलगद निसटली. त्याने रबरावरून बोट फिरवलं.

“हे कधीचंच गेलंय,” तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. “तेव्हाही दार तू उघडं ठेवलं नव्हतंस.”

माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टची दारं तपासणारा हा माणूस, घरचं दार तपासायला त्याला दोन वर्षं लागली. का? तर घरात खापर फोडायला एक डोकं आयतं होतं.

सून खुर्चीवर बसली. “मुलगी मला हवी होती, आजही हवीय,” ती म्हणाली. “पण मी थकलेय. बोलले तर म्हणाल, हिला जमत नाही. म्हणून बोलत नव्हते.”

“मी ते हसत म्हटलं होतं गं,” नणंद म्हणाली.

“माहीत आहे ताई. पण मी ते रोज ऐकलंय.”

नणंदेने बाटल्या धुवायला घेतल्या. सासूबाईंनी बाळाला आपल्याकडे घेतलं आणि म्हणाल्या, “जा, झोप. उठवणार नाही कुणी.”

मित्रांनो, माझं एवढं ऐका. अधूनमधून आपल्या फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून बघा. घरात काही बिघडलं, तर गप्प बसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी ती वस्तू तपासून बघा. आणि एखादी आई थकले म्हणाली, तर ते मूल किती कष्टाने झालं याची तिला आठवण करून देऊ नका. ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

त्या दुपारी झोपायला जाण्याआधी तिने पाण्याची बाटली काढली, माझं दार लावलं, एकदाच, आणि मागे वळून न पाहता निघून गेली.