खाऱ्या पाण्याची बरणी आणि काचेचं कपाट

"आई, हात काढ तिच्यावरून."

"तू काढ. मी आधी धरलीय."

या दोघांच्या मध्ये मी. एका बाजूनं सूछिंग माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेली. दुसऱ्या बाजूनं तिचा मुलगा च्येनशे माझ्या बुडाखाली बोटं घालून मला उचलू पाहतोय. दारात त्याची बायको मिंगफांग उभी, एका हातात घासणी, दुसऱ्या हातात गरम पाण्याची बादली. मला रिकामी करायचं, घासायचं, आणि कारखान्यातल्या काचेच्या कपाटात नेऊन ठेवायचं, असा बेत आहे. उद्या जिल्ह्याहून बडे पाहुणे, अधिकारी आणि व्यापारी, येणार आहेत ना!

मी बरणी बोलतेय. लोणच्याची. लोणचं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तेलाचा तवंग आला असेल, तर तो आधी पुसून टाका. आमच्या सिचुआन प्रांतात लोणचं खाऱ्या पाण्यात मुरतं, आणि त्या पाण्यात तेलाचा एक थेंब पडला तरी घात होतो. माझ्या गळ्याभोवती खळगी आहे. तिच्यात पाणी भरायचं आणि वर वाडगा पालथा घालायचा. मग आतला वारा गुडुक करून बाहेर पडतो, बाहेरचा आत शिरत नाही. जन्मभर मी एवढंच बोलत आलेय, गुडुक. आज मात्र सगळं बोलणार.

माझा जन्म कम्यूनच्या, म्हणजे साऱ्या गावच्या सामाईक, भट्टीतला. त्या वर्षी किती बरण्या भाजायच्या याचा आकडा वरून आला होता, आणि आकडा आला की आमची माणसं मातीपेक्षा त्याच्याकडेच बघायची. भट्टी उघडायच्या आधीच फाटकावर लाल कागद लागला, विक्रम झाला म्हणून. विक्रम बाहेर ताटकळतोय हे बघून मग भट्टी गरम असतानाच उघडली. माझ्या निम्म्या बहिणी तिथेच तडकल्या. विक्रमाला मात्र तडासुद्धा गेला नाही.

मी वाचले, पण दाटीवाटीत शेजारणीवर रेलून भाजले गेल्यामुळे कमरेत वाकडी निघाले. वाकडीला कोण विचारतो? नव्यानं लग्न होऊन आलेल्या सूछिंगनं विचारलं. भट्टीमागच्या ढिगातून मला उचलून ती म्हणाली, "कमरेत वाकडी तर मीही आहे, राबून राबून. चल घरी." गावच्या सामाईक स्वयंपाकघरातून तिनं वाडगाभर जुनं खारं पाणी मागून आणलं, त्यात मीठ, मिरी, तांबड्या मिरच्या घातल्या आणि माझं पोट भरलं. तेव्हापासून ते पाणी संपलेलं नाही. भाज्या आत जातात, बाहेर येतात. पाणी तेच, वरचेवर मीठपाणी घालून वाढवलेलं.

त्या काळी स्वतःच्या परसातला मुळा विकणं म्हणजे मोठा अपराध. त्याला 'भांडवलशाहीचं शेपूट' म्हणत. सूछिंग ते शेपूट पदराआड, म्हणजे तिच्या निळ्या डगल्याआड लपवून मागच्या गल्लीत विकायची. एकदा गावच्या शेतकी तुकडीचे प्रमुख ल्वोसाहेब शेपूट कापायला घरी आले. चांगलं लांबलचक भाषण झालं. भाषणाच्या शेवटी त्यांनी वाडगा उचलून माझ्यात डोकावलं, एक फोड तोंडात टाकली, मग दुसरी टाकली, आणि म्हणाले, "पुन्हा असं करू नका." तिसरी फोड त्यांनी खिशात घातली.

मग वरचं वारं फिरलं. जमिनी घराघराला कसायला मिळाल्या. कामावर बोलावणाऱ्या गावच्या घंटेला वर्षानुवर्षं न जुमानणारी माणसं आता कोंबड्याच्या आधी शेतात! सूछिंगनं बस-थांब्याजवळ शेवयांची टपरी टाकली. शेवया कुणीही उकडतं हो, गिऱ्हाईक यायचं ते वर घातलेल्या माझ्या आंबट शेंगांसाठी. दोन-तीन वर्षांत ल्वोसाहेब पुन्हा आले, या वेळी ढोलताशा घेऊन. 'आधी श्रीमंत झालेलं घर' म्हणून त्यांनी सूछिंगच्या छातीवर कागदाचं लाल फूल टाचलं आणि तेच भाषण केलं, फक्त उलट्या बाजूनं.

"साहेब, शेपूट वाढलं बरं का," सूछिंग म्हणाली.

"वाढू द्या, वाढू द्या!" म्हणत साहेब माझ्याकडे वळले. वाडगा कुठे ठेवलाय हे त्यांच्या लक्षात होतं.

माणसांचं मला हेच आवडतं. विचार बदलतात, जीभ इमानी राहते.

पुढे गावातली तरुण माणसं दक्षिणेकडच्या कारखान्यांत निघाली. च्येनशे आणि मिंगफांगही गेली, बूट शिवायला. जाताना सूछिंगनं माझ्यातलं पाणी बाटलीत भरून दिलं. तिकडे एका खोलीत आठ जणी, आणि त्यातल्या कुणीतरी तळलेलं खाऊन तीच जेवायची काडी बाटलीत बुडवली. मिंगफांगनं दुकानातल्या फोनवरून रडत हाक मारली, "आई, पाण्यावर बुरशीची पांढरी फुलं आली हो!"

"रडतेस कशाला? तान्हं पोर आहे का ते?" सूछिंग अख्ख्या बस-थांब्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "फुलं काढ, कडक दारू ओत, आलं टाक. आणि काडी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. पाणी हात ओळखतं."

मिंगफांगनं ते पाणी वाचवलं. आज घासणी घेऊन उभी आहे म्हणून तिला नावं ठेवू नका. तिचा हात चांगला आहे. फक्त तो हात हल्ली मोबाइल धरण्यातच गुंतलेला असतो.

कारण दोघं परत आली ती कारखाना काढायला. लोखंडी टाक्या आल्या, पांढऱ्या टोप्या आल्या. मिंगफांग मोबाइलसमोर उभी राहून "घरच्यांनो, चाखून बघा!" असं अनोळखी लोकांना ओरडून पाकिटं विकते. घरचे मात्र त्या पाकिटातलं खात नाहीत. ते गुपचूप माझ्याकडे येतात. टाक्यांत माझंच पाणी घातलं होतं म्हणे. पण स्वच्छतेच्या नियमाप्रमाणे ते आधी खळखळून उकळलं. उकळल्यावर काय उरतं? खारटपणा. जीव गेला. जिवंत पाणी आता माझ्या पोटात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आणि मिंगफांगच्या बादलीतून वाफ येतेय.

"आई, ऐक," च्येनशे घायकुतीला आला. "पाहुणे आठ पिढ्यांची बरणी बघायलाच येतायत. पाटीसुद्धा तयार आहे."

"वाचली तुझी पाटी." सूछिंगला शाळा मिळाली नाही. भिंतींवरच्या घोषणा वाचून वाचून ती अक्षरं शिकली, त्यामुळे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ती सहसा खरं मानत नाही. "छिंग राजवटीतली बरणी! अरे, राजे संपल्यावर कितीतरी वर्षांनी मी जन्मले, आणि ही माझ्याहून लहान. मीच हिला भट्टीमागच्या ढिगातून आणलं."

"लोकांना जुनं हवंय, आई!"

"मग मला ठेव काचेत. वेळेवर जेवण घाल म्हणजे झालं."

मिंगफांगला हसू आलं. तिनं ते घासणीआड लपवलं.

च्येनशे हसला नाही. बुडाखालची बोटं काढून तो जमिनीवरच बसला. "तुला थट्टा सुचते. अर्धं गाव माझ्याकडे कामाला आहे. उद्या मोठी मागणी मिळाली नाही, तर त्यांना पुन्हा दक्षिणेच्या गाडीत बसवू का? तूच ये मग त्यांची मागे राहिलेली पोरं सांभाळायला."

खोटं नव्हतं ते. माझ्या वाडग्याखाली गुडुक झालं. सूछिंगचा हात माझ्या गळ्यावर सैल पडला. मला वाटलं, संपलं. रिकामी बरणी म्हणजे काय, वाकडी माती. काचेत दिवे लावतील, लोक फोटो काढतील, आणि माझ्यात डोकावून फोड पळवणारं कुणी उरणार नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात एखादं भांडं असेल ज्याचा तुम्हाला फार अभिमान आहे. त्याला सजवू नका. वापरा. फुटलं तर फुटू दे, आम्हाला त्याची सवय असते. एवढंच मागणं.

सूछिंगनं डगल्याच्या बाहीनं माझा गळा पुसला. मग बादलीकडे बघून म्हणाली, "मिंगफांग, त्या पाण्यानं मोठी परात घास. उद्या पाहुण्यांना इथे, या ओट्यावर बसवायचं. मी माझ्या हातानं शेंगा काढून वाढीन. चव कुठल्या राजवटीतली ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आणि टाक्यांत न उकळलेलं पाणी कसं वाढवायचं ते तू उद्यापासून माझ्याकडे शिक. मोबाइल बाहेर ठेवून ये."

"नियम, आई..." मिंगफांग म्हणाली.

"नियम करणारे उद्या जेवायलाच येतायत. भरल्या तोंडी विचारू."

मिंगफांगनं बादली खाली ठेवली. च्येनशेनं मात्र शेवटचा हेका सोडला नाही. "आणि कपाटाचं काय? दिवे लावलेत, मखमल घातलीय. पाहुणे रिकामी काच बघून काय म्हणतील?"

सूछिंग उठली, माझ्या खळगीत ओंजळभर पाणी घातलं आणि म्हणाली, "काचेवर पाटी लाव, 'बरणी कामावर गेली आहे', आणि आता हात धुऊन जेवायला बस."